डॉ. करणी सिंह : मातीच्या कबुतरामागे वीस वर्षं

आठवीच्या वर्गात आम्ही एकदा खेळाडूंची माहिती सांगत होतो. बिकानेरचे महाराजा डॉ. करणी सिंह पाच ऑलिम्पिक खेळले, असं म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून सवाल आला, पदकं किती? एकही नाही म्हटलं, तर वर्गात हशा. आम्हीही हसलो, पण ती गोष्ट मनात राहिली. आपल्या घरांतही पोराचा दुसरा नंबर आला की पहिला कोण, हेच आधी विचारतात. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहितो आहोत.

आपल्या रत्नागिरीकडे बंदूक म्हटली की वानर-डुकरांपासून शेती राखायची बारा बोर आठवते. ट्रॅप नावाच्या नेमबाजीतही बारा बोरच लागते, पण समोर जनावर नसतं. जमिनीतल्या चरात यंत्रं बसवलेली असतात. नेमबाज त्यांच्या १५ मीटर मागे उभा राहतो. त्याने हाक दिली की बशीएवढी तबकडी सुटते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने त्याच्यापासून लांब पळते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, आधी कळत नाही. दोन बार काढायची मुभा असते, पण तेवढ्यात सगळं आटोपतं. तबकडीला मातीचं कबूतर म्हणतात, कारण पूर्वी खरीखुरी कबुतरं सोडून मारत. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येसुद्धा मारली होती. आता मातीही नावालाच, तबकडी डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची बनते.

करणी सिंहांचा जन्म २१ एप्रिल १९२४ चा. आजोबा महाराजा गंगा सिंह यांच्या गजनेरच्या पक्षी-शिकारी तेव्हा देशभर मशहूर होत्या. त्या घरात नेमबाजी शिकायला उस्ताद शोधायची गरज नव्हती. कॉलेजचं शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्स आणि आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झालं. १९४९ मध्ये बिकानेर संस्थान राजस्थानात विलीन झालं आणि १९५० मध्ये वडील सादुल सिंह वारले. म्हणजे गादी मिळाली तेव्हा राज्य उरलंच नव्हतं. दोन वर्षांनी ते लोकांकडे मतं मागायला गेले आणि अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९७७ पर्यंत सलग पाच वेळा खासदार, तेही कुठल्या पक्षात न जाता.

हा खेळ पैसेवाल्यांचा, हे मान्यच करायला हवं. प्रत्येक बाराला एक काडतूस जातं, सरावात अशी हजारो जातात. गरिबाच्या पोराला ते कुठून परवडणार? पण तबकडी काही राजा पाहून हळू सुटत नाही. १९६० मध्ये रोमला करणी सिंह पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि आठवे आले. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि नेमबाजीतला पहिला पुरस्कार त्यांना मिळाला.

मग १९६२ साल, कैरो शहर, जागतिक स्पर्धा. मिसरच्या त्या मैदानावर करणी सिंह पहिल्या जागेसाठी बरोबरीत आले. बरोबरी सुटावी म्हणून पुन्हा नेम धरावा लागला, त्यात सोन्याचं पदक निसटलं आणि चांदीचं हाती आलं. जागतिक नेमबाजीत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. आमच्या वर्गाच्या हिशोबाने बघा, हाही दुसराच नंबर.

दोन वर्षांनी टोकियो, मग मेक्सिको, मग म्युनिक. ऑलिम्पिकचं पदक काही मिळेना. मधल्या काळात, १९७१ मध्ये, संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि महाराजा ही पदवीही सरकारदरबारी संपली. बंदूक मात्र खाली ठेवली नाही. १९७४ मध्ये तेहरानच्या आशियाई खेळांत पन्नाशीत रौप्य मिळवलं. १९८० मध्ये मॉस्कोला पाचवं ऑलिम्पिक खेळले तेव्हा वय ५६. त्या वयात आम्हा शिक्षकांना निवृत्तीचे वेध लागतात!

नावापुढचं डॉक्टर मात्र कुठल्याही कायद्याने जाणारं नव्हतं. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. विषय होता बिकानेर घराण्याचे केंद्रसत्तेशी असलेले संबंध. त्यात मुघल काळ ओघाने आलाच, कारण त्यांचे पूर्वज राजा राय सिंह हे अकबर आणि जहांगीरच्या दरबारातले मोठे सरदार. मुघलांची फारसी फर्मानं बिकानेरच्या अभिलेखागारात आजही जपून ठेवलेली आहेत. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला ऑलिम्पिकपेक्षा या गोष्टीचंच कौतुक जास्त वाटतं, हेही कबूल करतो.

सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत तुघलकाबादजवळ बांधलेल्या शूटिंग रेंजला त्यांचं नाव आहे. बंदुकीच्या याच शाखेत भारताला ऑलिम्पिक पदक मिळायला २००४ उजाडलं. अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी रौप्य जिंकलं. त्या दिवशी सुवर्ण नेलं दुबईच्या शेख अहमद अल मक्तूम यांनी, आणि ते अमिरातीचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचे अब्बा नाहीतर मामू दुबईत. हे ऐकून सगळे सावरून बसले.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, सर, यात मुली असतात का? आम्ही सांगितलं, करणी सिंहांनी आपल्या मुलीच्याही हातात बंदूक दिली होती. राज्यश्री कुमारी. १९६८ मध्ये तिलाही अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती पंधरा वर्षांची, म्हणजे यांच्यापेक्षा एखाद-दोन इयत्ता पुढे. ते नाव फळ्यावर लिहा, असं मुलींनीच सांगितलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ते आम्हाला पुसू दिलं नाही.