रूपाबाई फर्दुनजी : श्वासावर नजर ठेवणारी डॉक्टर

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला शल्यचिकित्सकाचे नाव जन्मभर आठवते. भूल देणाऱ्याचे नाव मात्र घरी परतेपर्यंतही त्याच्या स्मरणात राहत नाही. हेब्बाळच्या एका रुग्णालयात काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाची हीच गत झाली. शिरेत सुई गेली, दहापासून उलटे अंक मोजावयास सांगितले गेले, सातनंतरचे काही आठवत नाही. त्या अज्ञात भूलतज्ज्ञाच्या ऋणातून अंशतः मुक्त व्हावे म्हणून, येथून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतक्या अंतरावर, हैदराबादेत होऊन गेलेल्या डॉक्टर रूपाबाई फर्दुनजी यांचे हे अल्पचरित्र.

रूपाबाई जन्माने पारशी. 1885 साली हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयात ज्या मोजक्या मुलींनी प्रथमच प्रवेश घेतला, त्यांत त्या होत्या. निजामाच्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पडद्यातील स्त्रीला पुरुष डॉक्टरास नाडीदेखील दाखवता येत नसे, असा तो काळ. विद्यालयाची सूत्रे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या हाती होती. एडिंबरोत शिकलेला हा गृहस्थ बुद्धिमान, हट्टी आणि क्लोरोफॉर्मचा कट्टर अभिमानी होता.

या अभिमानामागे एक भीषण प्रश्न होता. 1846 साली बोस्टनमध्ये ईथरने वेदनारहित शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. ते वासाला गोड, गुणाला त्वरित, वापरायला सोपे. परंतु 1848 च्या जानेवारीत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली क्षणार्धात मरण पावली. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. क्लोरोफॉर्मची वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. तेथील पेशींचे परस्परांशी चाललेले दळणवळण मंदावते, आधी शुद्ध हरपते, मग स्नायू सैल पडतात. मात्रा आणखी वाढली तर श्वास चालविणारे केंद्रही थांबते. गाढ झोप आणि मृत्यू यांच्यामधील ही वाट फार अरुंद आहे. प्रश्न असा होता, की आधी काय थांबते : श्वास की हृदय? भूल देणाऱ्याने रोग्याची छाती पाहावी की नाडी धरावी?

लॉरी यांचे मत ठाम होते : श्वास पाहा, नाडीच्या नादी लागू नका. ते सिद्ध करण्यासाठी 1888 साली हैदराबादेत पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला त्याचे निष्कर्ष पटले नाहीत. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन त्याच नियतकालिकाचा प्रतिनिधी हैदराबादेत बोलावला. 1889 साली डॉक्टर लॉडर ब्रंटन आले, चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि हृदयाचा पक्ष घेऊन आलेल्या ब्रंटन यांनी श्वासाच्या बाजूने कौल दिला. प्राण्यांच्या त्या संहाराविषयी आज वाचताना मन विषण्ण होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

या आयोगांच्या कामात विद्यार्थिनी रूपाबाईंचा सहभाग होता. 1889 साली त्या उत्तीर्ण झाल्या आणि पुढे जवळजवळ तीन दशके रेसिडेन्सी रुग्णालय, अफजलगंजचे रुग्णालय व जनाना रुग्णालय येथे भूल देत राहिल्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्या काळी ना प्राणवायूचे प्रमाण दाखविणारी बोटावरची चिमटी होती, ना हृदयाची रेषा उमटविणारा पडदा. कापडावर किंवा टोपीवजा शंकूत थेंबाथेंबाने औषध सोडायचे आणि डोळे, कान, हात यांनीच रोग्याची राखण करायची. छाती उचलते का, श्वासाला घरघर लागली का, बाहुली किती विस्फारली, ओठ निळे पडले का, एवढीच साधने.

ज्या सुलतान बाजारालगत रेसिडेन्सी होती, त्याच परिसरात 1907 साली मराठी माणसांनी विवेकवर्धिनी शाळा काढली, ही गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतातील मराठी शाळेला जिव्हाळ्याची वाटावी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1908 मध्ये, मुशी नदीला महापूर आला. अफजलगंजचे रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली.

1909 साली रूपाबाई एडिंबरोला गेल्या. भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेथेही नव्हता. तेव्हा त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. वाफ, दाब, विद्राव्यता यांवरच ज्या विद्येची उभारणी आहे, तिच्यासाठी ही निवड विलक्षण अचूक होती. वीस वर्षांचा अनुभव पाठीशी असलेली स्त्री पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसली, याचे मोल मला आयोगांच्या प्रसिद्धीपेक्षा अधिक वाटते.

1911 साली लंडनमध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन उसळले तर हृदयाचा ठोका अकस्मात विस्कळीत होऊन थांबू शकतो. घाबरलेल्या रोग्याला भीतभीत दिलेली अपुरी भूलही म्हणूनच घातक ठरू शकत होती. हैदराबादचा सिद्धान्त अर्धाच खरा निघाला. श्वासावरील अखंड पहाऱ्याची शिस्त मात्र खोटी ठरली नाही. आजही भूलतज्ज्ञ श्वास आणि हृदय या दोहोंवर एकाच वेळी नजर ठेवतो.

मायदेशी परतल्यावर रूपाबाईंनी हैदराबादेतच काम केले. 1920 साली चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षकपदावरून त्या निवृत्त झाल्या.