गणकश्रेष्ठ भास्कराचार्य

ज्या थोर पुरुषांमुळें मराठी मुलखाचें नांव दूरदेशीं गेलें, त्यांत भास्कराचार्यांची गणना प्रथम करावी लागते. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. पिता महेश्वर हे विद्वान ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरु होत. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जलविड हें त्यांचें गांव. तें नेमकें कोठें होतें याविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

लीलावतीच्या आरंभींच्या भागांत आचार्य संख्येचीं स्थानें सांगतात. एकापासून परार्धापर्यंत १८ स्थानें, आणि प्रत्येक मागील स्थानाच्या दसपट! अंक तोच, परंतु स्थान बदललें कीं मोल बदललें. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यें. आजचा संगणक हीच संख्या ‘१ई१७’ अशी आटोपशीर मांडतो. त्यांतील १७ हा शून्यांचाच हिशेब होय. मात्र १८ अंकी खातेक्रमांक हिशेबाच्या तक्त्यांत संख्या म्हणून भरला, तर पुष्कळ तक्ते पहिले १५ अंकच जपतात व उरलेल्या तिहींच्या जागीं शून्यें मांडतात. असा क्रमांक अक्षरांप्रमाणें भरणें हेंच श्रेयस्कर.

आचार्यांच्या काळीं दशांशचिन्ह नव्हतें. परीघ व्यासाच्या किती पट, हें त्यांनीं सूक्ष्म मानानें ३९२७ भागिले १२५० असें दिलें. आपण तेंच ३.१४१६ असें लिहितों. जर्मन किंवा फ्रेंच मनुष्य बिंदूच्या जागीं स्वल्पविराम घालतो. स्वल्पविराम केवळ हजार-लक्षांची फोड दाखवितो असें मानणारा संगणक तें चिन्ह गाळून ३१४१६ घेईल, म्हणजे मूळच्या दहा हजार पट! औषधाच्या मात्रेंत किंवा कर्जाच्या व्याजांत असें घडल्यास काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको.

आचार्यांनीं ६९ व्या वर्षीं, इ. स. ११८३ मध्यें, ‘करणकुतूहल’ रचिलें. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. देवगिरी म्हणजे आमच्या पुंडलिकनगराहून थोड्याच कोसांवरील दौलताबाद. चांगदेवानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. पुढें इ. स. १५८७ मध्यें अकबराच्या दरबारांतील फैजीनें लीलावती फारसींत नेली.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों. संगणकाच्या चौकटींत आंकडा भरण्यापूर्वीं ती बिंदु मानते कीं स्वल्पविराम, हें पाहावें. भरल्यावर एकं-दहं म्हणत स्थानें मोजावीं. आणि ज्यांस पुढें अशा चौकटी रचावयाच्या असतील, त्यांनीं संशयित आंकडा मुकाट्यानें न बदलतां भरणारासच विचारावें. आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आचार्यांनीं दिलेला स्थानांचा धडा आजहि तितकाच उपयोगी आहे.