तळपदेंचं विमान खरंच उडालं होतं का? उत्तर द्यायला विमानच उरलं नाही

परभणी असो नाहीतर मुंबई, कुठल्याही कट्ट्यावर विमानाचा विषय निघाला की एक जण हमखास सांगतो, राईट बंधूंच्या आधी आपल्या मराठी माणसानं विमान उडवलं होतं. तो माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे.

तळपदेंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या पाठारे प्रभू कुटुंबातला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. पुढं आर्य समाजाच्या विचारांकडं वळले. स्वामी दयानंदांच्या लिखाणात प्राचीन विमानविद्येचा विषय आहे. तो वाचून तळपदेंना विमान बनवायचा ध्यास लागला.

१८९५ मध्ये त्यांचं 'मरुत्सखा' गिरगाव चौपाटीवरून १५०० फूट उंच गेलं, असं सांगितलं जातं. महाराज सयाजीराव तिथं हजर होते, असंही म्हणतात. पण या उड्डाणाचा ठोस पुरावा समोर आलेला नाही. १९१६ मध्ये तळपदे गेले आणि मरुत्सखाचे अवशेष विकले गेले, अशी गोष्ट आहे. आज कुठल्याच संग्रहालयात त्याचा एक खिळाही बघायला मिळत नाही.

आता राईट बंधूंचं बघा. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांच्या 'फ्लायर'चं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं होतं. त्याच दिवशी वाऱ्यानं उलटून ते मोडलं. १९१३ च्या पुरात त्याच्या पेट्या पाण्याखाली गेल्या. तरी ऑरव्हिल राईटनं ते दुरुस्त केलं. अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था पहिलेपणाचा मान लँग्लीच्या विमानाला देत होती, म्हणून ऑरव्हिलनं रागानं १९२८ मध्ये आपलं विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. संस्थेनं १९४२ मध्ये चूक मान्य केली आणि १९४८ मध्ये ते मायदेशी परतलं. आज वॉशिंग्टनला जाणारा कुणीही ते डोळ्यांनी बघू शकतो.

विमान समोर असलं की पंख मोजता येतात, इंजिनाची ताकद तपासता येते. मरुत्सखाबाबत ती सोयच नाही. तळपदेंच्या कथेला नेहमी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

तळपदेंची जिद्द खोटी ठरत नाही. पण त्यांचं यंत्र कुणी जपलं असतं, तर ते किती उडालं की उडालंच नाही, हा वाद सव्वाशे वर्षं चालला नसता.