दीनबंधू अँड्र्यूज यांचे वाक्तप

संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवताना आपण एकमेकांकडे गोड बोलण्याचे मागणे मागतो. आप्तांशी, शेजाऱ्यांशी सणाच्या दिवशी गोड बोलणे फारसे कठीण नसते. परंतु राजकारण तापले आहे, वर्तमानपत्रे आग ओकीत आहेत, परके शिव्या देताहेत आणि स्वकीय फितूर म्हणताहेत, अशा वेळी जिव्हेला आवर घालणे ही तपश्चर्या होय. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. तेथे सत्य आणि प्रिय यांना एकाच आसनावर बसविले आहे, ही गोष्ट सणाच्या गडबडीत आपण सहसा विसरतो. नुसते प्रिय बोलणारे पुष्कळ असतात. नुसते सत्य बोलून काळीज पोळविणारेही कमी नसतात. या दोहोंचा मेळ ज्यांनी आयुष्यभर राखला, त्यांत एक इंग्रज ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांचे नाव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडील धर्मोपदेशक, घर भाविक. केंब्रिजला शिक्षण होऊन त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक म्हणून आले. १९०६ साली तेथील प्राचार्यपद रिकामे झाले. इंग्रजांच्या संस्थेत इंग्रजच प्रमुख असावयाचा, अशी तेव्हाची समजूत. अँड्र्यूज यांनी सुशीलकुमार रुद्र या हिंदी सहकाऱ्याच्या नावाचा आग्रह धरला आणि रुद्र प्राचार्य झाल्यावर त्यांच्या हाताखाली आनंदाने काम केले. राज्यकर्त्या जातीच्या माणसाने असे वागणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा सत्याग्रह ऐन भरात आला होता. हजारो गिरमिटिया मजुरांनी काम बंद केले होते, कित्येक तुरुंगात होते, काही गोळीबारात बळी पडले होते. आपले नामदार गोखले त्या लढ्यासाठी निधी जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपली साठविलेली पुंजी त्यांच्या स्वाधीन केली. आणि गोखल्यांच्या सांगण्यावरून विल्यम पिअर्सन या मित्रासह ते आफ्रिकेच्या जहाजात बसले.

जानेवारी १९१४ च्या आरंभी ते डरबनच्या धक्क्यावर उतरले. गांधी कोठे आहेत, असे त्यांनी विचारले. मजुराच्या जाड्याभरड्या वेषातील, डोके मुंडविलेला एक कृश गृहस्थ समोरच उभा होता. मेलेल्या मजुरांचे सुतक त्याने अंगावर धरले होते. हेच गांधी, असे कळताच अँड्र्यूज यांनी वाकून त्यांच्या पायांना स्पर्श केला. हा प्रकार पाहून तेथील गोऱ्या समाजाचा संताप उसळला. गोऱ्या माणसाने काळ्याच्या पायांशी लवावे, हे त्यांच्या दृष्टीने महापातकच! अँड्र्यूज मात्र चिडले नाहीत, की नमस्काराबद्दल ओशाळलेही नाहीत.

यानंतरचे तीन आठवडे त्यांच्या आयुष्यातील फार कसोटीचे होते. इंग्लंडात आई मरणशय्येवर होती आणि प्रिटोरियात गांधीजी व जनरल स्मट्स यांची बोलणी चालली होती. त्याच सुमारास गोऱ्या रेल्वे कामगारांचा संप झाला. सरकार पेचात सापडले असता त्याच्यावर आणखी घाव घालू नये, म्हणून गांधीजींनी आपला नियोजित मोर्चा पुढे ढकलला. बोलणी पुढे सरकली, पण एका शब्दयोजनेवर येऊन अडली. इकडे कस्तुरबांचे दुखणे विकोपास गेल्याची तार आली. तरीही तडजोडीवाचून गांधीजी प्रिटोरिया सोडीनात. रात्री उशिरापर्यंत बसून अँड्र्यूज यांनी दोन्ही बाजूंचा मान राहील असा दुसरा शब्दप्रयोग सुचविला. गांधीजींना तो पटला. सकाळी लवकरच अँड्र्यूज यांनी स्मट्सना एकटे गाठले आणि युक्तिवादाऐवजी त्या तारेची हकीकत सांगितली. स्मट्स विरघळले. तात्पुरता करार झाला. पुढे त्याच वर्षी हिंदी लोकांच्या सवलतींचा कायदा संमत झाला. आईची भेट मात्र अँड्र्यूज यांना घडली नाही. तिच्या निधनाची वार्ता त्यांना त्या परमुलखातच ऐकावी लागली.

भारतात परतल्यावर शांतिनिकेतन हे त्यांचे घर झाले. १९१५ आणि १९१७ साली फिजी बेटांत जाऊन त्यांनी उसाच्या मळ्यांतील गिरमिटियांची दैना डोळ्यांनी पाहिली व जगापुढे मांडली. ती वेठ १ जानेवारी १९२० रोजी कायमची संपली. दीनबंधू हे नाव त्यांना तेथील मजुरांनीच दिले.

मग १९१९ चे पंजाब. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते अमृतसरला निघाले, तेव्हा त्यांच्याच सरकारने त्यांना अटक करून परत पाठविले. काही महिन्यांनी प्रवेश मिळताच ते गावोगाव हिंडले. फटके खाल्लेल्या एका शीख गावप्रमुखासमोर या इंग्रजाने मस्तक नमविले, त्याच्या पायांना हात लावला आणि आपल्या लोकांच्या कृत्याची क्षमा मागितली. त्या कृत्याला त्यांनी लपवाछपवी न करता हत्याकांडच म्हटले. पण कोणा इंग्रजाच्या द्वेषाचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. पूर्व आफ्रिकेत तर गोऱ्या वसाहतवाल्यांनी आगगाडीत त्यांच्यावर हात टाकला, दाढी धरून ओढले. इंग्रजांना ते देशद्रोही वाटत. काही हिंदी लोकांना सरकारचे हेर!

मित्रांशीही ते तोंडदेखले बोलत नसत. येथेच माझ्या मते त्यांच्या वाणीची खरी परीक्षा झाली. हिंदुस्थानच्या संपूर्ण स्वातंत्र्याचा पुरस्कार त्यांनी १९२१ मध्येच केला होता. त्याच वर्षी विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. अवघा देश त्या ज्वाळांनी भारला होता. अँड्र्यूज यांनी गांधीजींना कळविले, की दुसऱ्यांच्या हातांनी विणलेले सुंदर वस्त्र जाळण्यात आपणांस हिंसा दिसते, त्यातून परक्यांविषयी तिरस्कार वाढेल. अंगावर खादी घालतानाही, आपण दुसऱ्यांना हिणवतो आहोत की काय, अशी शंका त्यांना येऊ लागली होती. गांधीजींनी तो आक्षेप झाकून ठेवला नाही; उत्तरासह आपल्या पत्रात छापला. मत जुळले नाही, पण मोहन आणि चार्ली ही परस्परांची हाक तशीच राहिली.

१९२४ साली हिंदु-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांचे साप्ताहिक सांभाळणारे आणि दाराशी पहारा करणारे अँड्र्यूजच होते. पारण्याच्या वेळी कुराणातील प्रार्थना झाली, उपनिषदातील मंत्र झाले, आणि अँड्र्यूज यांनी क्रुसाविषयीचे आपले आवडते भजन म्हटले.

१९४० च्या आरंभी कलकत्त्याच्या रुग्णालयात त्यांचे अखेरचे दुखणे चालू असता गांधीजी त्यांना भेटून गेले. त्या वेळी युरोपात युद्ध पेटले होते आणि दोघांचे देश एकमेकांसमोर ताठ उभे होते. ५ एप्रिल १९४० रोजी दीनबंधूंनी देह ठेवला. कलकत्त्यातील लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत, आपल्या मायदेशापासून हजारो मैलांवर, त्यांना मूठमाती देण्यात आली.