बाजीरावांचा तोबरा

थोरले बाजीराव म्हटले की आठवते घोडदौड. जन्म 18 ऑगस्ट 1700 चा, विसाव्या वर्षी शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे, आणि पुढली वीस वर्षे घोड्यावर. आपल्या माळव्यात होळकर-शिंदे स्थिरावले तेही त्यांच्याच काळात.

भीमथडीचे तट्टू अंगाने लहान पण काटक. त्यावर चिलखताचा भारी स्वार लादला तर ते लवकर दमणार. म्हणून बाजीराव बुणगे, डेरे, जड तोफा शक्य तितक्या मागे ठेवत. एवढे शाळेत शिकवतात. पण स्वार हलका असूनही रोडावलेला घोडा लांब जात नाही, हे फारसे कुणी सांगत नाही. अमेरिकेत टेव्हिस नावाची 100 मैलांची शर्यत असते. तिथल्या घोड्यांची पाहणी झाली तेव्हा शर्यत पुरी होणे स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याच्या अंगावरच्या मांस-चरबीशी अधिक निगडित आढळले.

मराठी फौजेचे वर्षच त्यावर बेतलेले होते. पावसाळ्यात छावणी, घोड्यांना विसावा आणि हिरवा चारा, दसऱ्याला सीमोल्लंघन. शिलेदाराचा घोडा तर स्वतःचा. तो मेला तर पोटावरच पाय, मग हयगय कोण करील? घोड्यावर बसल्याबसल्या ज्वारीचे कणीस चोळून दाणे खाणारे बाजीराव एका चित्रात दाखवले होते, अशी आख्यायिका आहे. त्यात घोड्याचा तोबराही सोबत होता म्हणतात. खरे-खोटे असो, चित्र पटते.

शत्रूला मात्र त्यांनी याच ठिकाणी धरले. 1728 च्या फेब्रुवारीत निजाम पाठलाग करता करता पालखेडजवळ अडकला. तोफा मागे राहिल्या, पाणी आणि वैरण तुटली. मुंगी-शेवगावला त्याला तह करावा लागला. 1737 च्या डिसेंबरात भोपाळला पुन्हा तेच. भिंतीआड बसलेल्या निजामाच्या फौजेत माणसांना धान्य नाही, जनावरांना चारा नाही. जानेवारीत दुराईसराईच्या तहात त्याने माळवा सोडण्याचे कबूल केले. मोठी लढाई न होता! माझ्या मते हा विजय दिल्लीच्या धडकेपेक्षा मोठा.

घोड्यांना वर्षातून चार महिने मिळणारा विसावा त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने त्यांचा अंत झाला. चाळिशीही पुरी झाली नव्हती. पावसाळी छावणीला अजून महिना-दीड महिना अवकाश होता.