दोन्ही घरांची राणी

मैत्रिणींनो, राज्य चालवणाऱ्या बायकांची नावं सांगा म्हटलं की जिजाऊ, ताराराणी, अहिल्याबाई, झाशीची राणी अशी नावं आपण पटापट घेतो. पण त्यांच्याही कितीतरी आधी, जवळजवळ सोळाशे वर्षांपूर्वी, एक बाई आमच्या रामटेकजवळून अख्ख्या विदर्भाचा कारभार पाहत होती. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. शाळेच्या पुस्तकात ती वाकाटक घराण्याच्या धड्यात एका ओळीत येते नि जाते. मी रामटेकची असूनही तिची खरी ओळख मला पुष्कळ उशिरा, वाचता वाचता झाली. आज तिचीच गोष्ट सांगते.

तिचं माहेर म्हणजे पाटलीपुत्रचं गुप्त घराणं. आजोबा समुद्रगुप्त, वडील दुसरा चंद्रगुप्त, ज्यांना विक्रमादित्य म्हणतात. आई कुबेरनागा नाग कुळातली. प्रभावतीला दिली ती वाकाटकांच्या घरात, दुसऱ्या रुद्रसेनाला. हे लग्न म्हणजे राजकारणच होतं. माळवा आणि गुजरातेत तेव्हा शक क्षत्रपांचं राज्य होतं आणि चंद्रगुप्ताला ते जिंकायचं होतं. नकाशा काढून बघा, माळव्याच्या खाली विदर्भ येतो. उत्तरेतून शकांवर चाल करून जाणाऱ्याला दक्षिणेच्या अंगाला वैरी परवडणारा नव्हता. तिथे सोयरा हवा. म्हणून लेक इकडे आली. आपल्याकडे घरच्या भांडणात शेताच्या बांधासाठी सोयरीक होते, तिथे राज्याच्या सीमेसाठी झाली, एवढाच फरक!

पण नशिबाने काही वेगळंच मांडून ठेवलं होतं. गादीवर येऊन फार वर्षं झाली नाहीत तोच रुद्रसेन वारला. पाठीमागे तरुण विधवा आणि लहान मुलं. अशा वेळी काय होतं ते मी सांगायला नको. साध्या घरातसुद्धा दिवस झाले की दुसऱ्याच दिवशी दीर-जावांच्या नजरा बदलतात. इथे तर राज्य होतं. वाकाटकांचीच दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला, राज्य करत होती. भाऊबंद म्हटले की भाऊबंदकी आलीच. पदरी सेनापती होते, मांडलिक होते. उत्तरेकडे वडिलांचं शकांशी युद्ध. अशात थोरला मुलगा दिवाकरसेन नावापुरता युवराज राहिला आणि कारभार आईने हाती घेतला.

किती वर्षं? निदान तेरा. हे कुणाच्या पोथीतलं नाही, तिच्या स्वतःच्या ताम्रपटावरून कळतं. पुण्यात मिळाला म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात, पण तो दिला गेला नंदिवर्धनहून. नंदिवर्धन म्हणजे रामटेकपासून हाकेच्या अंतरावरचं आजचं नगरधन. ही तेव्हा वाकाटकांची राजधानी. दंगुण नावाचं गाव तिने चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दान दिलं, त्याचा हा लेख. मुद्रेवर ती स्वतःला राणी म्हणून नाही, तर युवराजाची आई म्हणून मिरवते. गादी तिने स्वतःच्या नावावर केली नाही. मुलाची म्हणून सांभाळली, पण हुकूम मात्र तिच्या मुद्रेने सुटले.

आता खरी गंमत ऐका. दानपत्रात आधी घराण्याची वंशावळ सांगायची रीत होती. सासरी राज्य करणाऱ्या बाईने कोणाची वंशावळ द्यावी? आपण म्हणू, सासऱ्यांची, नवऱ्याची. हिने सुरुवात केली ती माहेरच्या गुप्त राजांपासून! पणजोबा, आजोबा, वडील आणि मग स्वतः. नवऱ्याचं नाव येतं ते त्याची पट्टराणी म्हणून ओळख देताना. आणि गोत्र? वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. हिने लावलं माहेरचं धारण. ताम्रपटातली अक्षरंसुद्धा निराळी आहेत. वाकाटकांच्या अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटी असते. हिच्या पुणे ताम्रपटातल्या अक्षरांना खिळ्यासारखं टोक आहे.

काही इतिहासकार म्हणतात, याचा अर्थ कारभार नावाला हिचा, दोरी वडिलांच्या हातात. वडिलांनी मदतीला माणसं धाडली असतील, त्यात मला नवल वाटत नाही. संकटात लेकीला माहेर नाही आठवणार तर काय आठवणार! पण पुढची गोष्ट बघा. दिवाकरसेन राजा झालाच नाही. तेराव्या वर्षीही तो युवराजच होता, त्यानंतर त्याचा पत्ता नाही. तो अकाली गेला असावा असं अभ्यासक मानतात. म्हणजे आधी नवरा, मग हाताशी आलेला मुलगा. तरी राज्य मोडलं नाही, भाऊबंदांनी गिळलं नाही, माहेरानेही खालसा केलं नाही. गुप्तांनी शकांचं राज्य बुडवून आपल्या राज्याला जोडलं, जावयाचं मात्र अखंड राहिलं आणि नातवाच्या हाती आलं. आपल्या मुलांचं ते आपल्याच मुलांना मिळेल हे दोन्हीकडून सांभाळायचं, हे काम नुसत्या कळसूत्री बाहुलीचं नव्हे.

पुढे दामोदरसेन आणि प्रवरसेन या मुलांची नावं येतात. काही जण ही एकाच राजाची दोन नावं मानतात. दुसऱ्या प्रवरसेनाने दीर्घ काळ राज्य केलं. त्याच्या अठराव्या वर्षाच्या दोन ताम्रपटांत चित्रवर्मा आणि बप्पदेव असे दोन वेगळे सेनापती दिसतात. त्यातल्या अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना गाव दिलं आहे, पण अट घालून. राजाशी द्रोह करायचा नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही, लढाई करायची नाही. वाकाटकांच्या दानपत्रांत आणखी एक कलम असतं: दिलेल्या गावात शिपायांनी शिरायचं नाही. शिपाई गावात शिरले की दूध, गवत, गुरं, सगळं जातं. मग चूल कोणाची विझते, ते बायकांना बरोबर कळतं.

मुलगा तर कवीही होता. सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य त्याच्या नावावर आहे. ती आपल्या मराठीची आजीच म्हणा ना! आई विष्णुभक्त, मुलगा शिवभक्त. आमच्या गडावर नरसिंहाची, वराहाची, त्रिविक्रमाची जी जुनी देवळं आहेत ती या वाकाटकांच्याच काळातली. राज्य मुलाच्या हाती गेल्यावर ही देवघरात बसून राहिली म्हणाल तर तसंही नाही. मुलाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी, म्हणजे आमच्या रामटेकहून, स्वतःच्या नावाने आणखी एक दान दिलं. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला, महानुभावांचं रिद्धपूर तेच. मुलगा राजा होता, पण तिथेही गोत्र धारणच!

त्याच सुमारास, म्हणजे इ.स. ४१४ मध्ये, तिकडे कॉन्स्टँटिनोपलला पुल्केरिया नावाची राजकन्या लहान भावाच्या वतीने राज्य पाहू लागली होती. तिच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्या प्रभावतीला मात्र मातीतून उकरून काढावं लागलं. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने नगरधनला उत्खनन केलं. तेव्हा एक मातीची मुद्रा सापडली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. वर शंख आणि तिचं नाव. ती हातात धरली तर लाडवाच्या खड्याएवढी भरेल. पण ज्या हुकमाला ती लागली असेल तो मोडायची कुणाची छाती झाली नसेल.

हे सगळं वाचताना माझ्या मनात आपलीच गोष्ट येत होती. लग्नात भटजींनी गोत्र बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आडनाव गेलं. कितीतरी ठिकाणी पहिलं नावही बदलतात. रेशनकार्ड, बँक, सातबारा, जिथे जाल तिथे जुन्या नावाचा दाखला मागतात आणि तो शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. चांगलंच झालं. पण जिने सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर आपलं माहेर कोरून ठेवलं, तिच्याच विदर्भात आपल्याला हा बदल नवा वाटावा!

सासर सोडायला ती काही सांगत नाही. सासरचं राज्य तिनेच तर राखलं. तिच्या लेखात तिला दोन्ही कुळांची शोभा म्हटलं आहे, आणि ती होतीच. एका घराची होण्यासाठी दुसरं पुसायची गरज तिला वाटली नाही, एवढंच.

गडावरच्या केवल-नरसिंहाच्या देवळात एक शिलालेख आहे. बराच झिजलेला. अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे प्रभावतीच्या लेकीने, आई गेल्यावर तिच्या पुण्यासाठी, देव स्थापून त्याला आईचं नाव दिलं. यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला रामटेकला आलात तर रामाचं दर्शन झाल्यावर तिकडेही पाय वळवा. मुलीला सोबत घ्या. आणि घरी गेल्यावर वहीत तुमच्या आईचं, आजीचं माहेरचं पूर्ण नाव लिहून ठेवा. आजी असेल तर तिलाच विचारा. उद्या विचारायला कोणी नसेल.