विनोदाचे मीमांसक : न. चिं. केळकर

मराठीत विनोद लिहिणाऱ्यांची परंपरा समृद्ध आहे. विनोद घडतो कसा, याचा पद्धतशीर विचार करणारे मात्र थोडेच. त्यांत साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर अग्रभागी होते.

२४ ऑगस्ट १८७२ रोजी मोडनिंब येथे जन्मलेले केळकर साताऱ्यात वकिली करीत. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि पुढे 'मराठा' व 'केसरी' या दोन्ही पत्रांच्या संपादनाची धुरा त्यांनी वाहिली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. त्याच कसोटीच्या वर्षी केळकरांचा 'सुभाषित आणि विनोद' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे लक्षणीय आहे. राजकारणाच्या धकाधकीतील या संपादकाला विनोद हा रिकामपणाचा उद्योग वाटत नव्हता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर त्या काळी मराठी विनोदी लेखनाचा पाया घालीत होते. केळकरांनी हसण्यामागील कारणांचा शोध घेतला. १९३७ मधील 'हास्यविनोदमीमांसा' हे त्या शोधाचे विस्तृत रूप.

बडोदे येथील १९२१ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी समरस होतो, तरी त्याचे स्वतःचे भान सुटत नाही; या दुहेरी अनुभवात वाङ्मयानंद आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विनोदालाही हे सूत्र लावून पाहता येते. घाटकोपर हेच नाव घ्या. एकाला त्यात घाटाचा कोपरा ऐकू येतो, दुसऱ्याला हिंदीतील 'घाट के ऊपर'. गंमत वाटते ती दोन्ही भाषा जाणणाऱ्याला, कारण दोन्ही अर्थ त्याच्या मनात एकदम उभे राहतात. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेला सिद्धांतही असेच सांगतो : विनोदी मजकुरात परस्परविरोधी दोन अर्थचौकटी एकाच वेळी बसतात. ज्याला त्यांतील एकच दिसते, त्याला कोटी कळत नाही. प्रसंगी ती झोंबते. म्हणूनच विनोदाला बोलणाऱ्याच्या चातुर्याइतकीच ऐकणाऱ्याची समज लागते.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, केळकरांचे निधन झाले. त्यांचे राजकारण इतिहासजमा झाले असले, तरी हसण्याविषयी त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न मराठी समीक्षेला आजही उपयोगी पडणारे आहेत.